निकानोरच्या फोनचा धर्मबाप

आमच्या गावात कारभार एकट्या पुरुषाच्या हाती देत नाहीत. नवरा-बायको दोघांच्या हाती देतात, कारण अर्ध्या माणसावर गाव कोण सोपवेल? यंदा पाळी आमची होती. त्यामुळे निकानोरच्या अंगावर लाल पोंचो आणि खांद्यावरून तिरपा मानाचा चाबूक आला, आणि माझ्या अंगावर बाकीचं सगळं आलं: सभेला आलेल्यांचं जेवण, रुसलेल्यांची समजूत आणि स्वतः निकानोर.

निकानोर तार्की हा माझा नवरा. माणूस वाईट नाही. लामांचा अख्खा कळप त्याच्या एका शिटीवर वळतो. पण मान अशी ताठ, की चूक पायापाशी पडलेली असली तरी वाकून बघायचा नाही. त्याच्याबरोबर जन्म काढायचा म्हणजे वाकायचं काम आपल्याकडे येतं. मी ते करत आले, आणि तोंडाने त्याची भरपाईही करून घेत आले.

रोसेंदा आमची एकुलती एक. निकानोर जत्रेचा यजमान होता त्या वर्षी त्याने ओरुरो शहरातून बँड आणवला होता. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बँडमध्ये एक ट्रम्पेट कमी होतं आणि आमच्या घरात एक मुलगी कमी होती. वाल्दो नावाचा तो ट्रम्पेटवाला तिला घेऊन ब्युनोस आयर्सला गेला, आणि तिथे दोघं शिवणाच्या कारखान्यात लागली. मिरवणूक लंगडी निघाली म्हणून राग आहे, असं निकानोर सगळ्यांना सांगायचा. मुलगी गेली ते एक वेळ चालेल, पण ट्रम्पेट? मी हे ऐकून घ्यायची. संध्याकाळी जनावरं कोंडताना तो तिच्या नावाच्या लामाशी बोलत बसायचा, तेही ऐकायची.

मग एकदा माझा चुलतभाऊ तिकडून आला आणि निरोप घेऊन आला. रोसेंदाला मुलगा झालाय, लिम्बेर नाव ठेवलंय, आता त्याचं जावळ काढायचं आहे. सगळ्या संतांच्या सणाआधी ती फोन करणार होती. बाबांनी उचलला तर जावळ आमच्या अंगणात. नाही उचलला तर ती समजून जाणार, की राग गेलेला नाही, आणि जावळ सासरी, एल आल्तो शहरात होणार. तिचा नंबर काय, असं मी विचारलं, तर भाऊ म्हणाला, नंबर द्यायचा नाही असं तिने बजावलंय. मुलगी कुणावर गेली आहे ते वेगळं सांगायला नको.

निकानोरने निरोप ऐकला आणि चघळायची कोकाची पानं गालात भरली. पुढच्या बाजाराला एल आल्तोला गेला आणि नवाकोरा फोन घेऊन आला. केवढा मोठा! त्यात तोंड बघून वेणी घालता आली असती. आमचा जुना बटणांचा फोन त्याने बदल्यात देऊन टाकला होता. त्या फोनला गोठ्याच्या भिंतीवर ठेवलं की बिनतक्रार रेंज यायची. मी कपाळाला हात लावला. तो म्हणाला, सभेची कामं असतात, जुन्यात आवाज खरखरतो. कुणाचा आवाज त्याला खरखर न होता ऐकायचा होता ते मला कळलं.

आता आमच्याकडे माणसालाच नव्हे, वस्तूलाही धर्मबाप लागतो. घराला लागतो, मिनिबसला लागतो, लग्नातल्या केकलाही लागतो. धर्मबाप बिअर आणतो, वस्तूवर शिंपण करतो, धरतीमायला तिचा घोट जमिनीवर देतो, रंगीत कागदी टिकल्या उधळतो आणि वस्तू शुभ होते. यात एकच अडचण आहे. एकदा धर्मबापाचं नाव लागलं की त्या वस्तूला वाईट म्हणता येत नाही. म्हटलं तर ते धर्मबापाला म्हटल्यासारखं होतं. आमच्या शाळेचं छप्पर गळतं, पण छपराचा धर्मबाप हयात आहे, म्हणून पावसात मुलं भिंतीच्या कडेने बसतात.

फोनला धर्मबाप म्हणून निकानोरने निवडला वेन्सेस्लाओ आपासा. त्याच्या खालचा कुणी त्याला चालला नसता. वेन्सेस्लाओ ड्रायव्हरांच्या संघाचा म्होरक्या, सात गावांत त्याच्या मिनिबस, आणि टेकडीवरच्या मोबाइल टॉवरची फीतही त्यानेच कापलेली. म्हणजे टॉवरचाही धर्मबाप तोच. अंगणात विणलेलं कापड अंथरलं, त्यावर कोकाची पानं, मिठाई आणि मधोमध फोन. जुनं सिमकार्ड नव्या फोनमध्ये धर्मबापाच्याच हाताने बसायला हवं, असं निकानोरने ठरवलं. वेन्सेस्लाओच्या बोटांना बिअर लागलेली, डोक्यावर, खांद्यावर, मिशांवर टिकल्या, आणि बायका वरून मुठीमुठीने आणखी टाकत होत्या. मी म्हटलं, अहो, आधी कार्ड तरी बसू द्या. शुभकार्यात बायको मधे बोलली म्हणून निकानोरने माझ्याकडे असं बघितलं की मीही एक मूठ टाकली.

फोन सुरू झाला, झळाळला, सुंदर गाणं वाजलं. फक्त रेंज आली नाही. कधी एक दांडी उगवायची, आपण बघेपर्यंत मावळायची.

"कशी आहे रेंज, कंपाद्रे?" वेन्सेस्लाओने विचारलं. आमच्यात धर्मबाप आणि घरधनी एकमेकांना असंच हाकारतात.

"फुल्ल," निकानोर म्हणाला.

झालं. त्या एका शब्दाने माझ्या घराला कुलूप लागलं. रेंज फुल्ल आहे म्हटल्यावर ती नाही हे कुणाला सांगणार, आणि सांगितल्याशिवाय दुरुस्त कोण करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मुठीत माझी लेक होती.

मग चोरून उपाय सुरू झाले. निकानोरने फोन पातेल्यात ठेवून पाहिला, बांबूला बांधून पाहिला, देवळाच्या छपरावर चढून पाहिला. रस्त्याने जाताना तो फोनवाला हात उंच धरून चालायचा. लोकांना वाटायचं गावप्रमुख अभिवादन करतोय, तेही हात वर करायचे. इतका मिळून-मिसळून वागणारा प्रमुख आजवर झाला नाही, असं काही जण मला म्हणाले. शेजारची तेओदोसिया मात्र बारीक नजरेची. तिने ओळखलं. ती म्हणाली, धरतीमायला घोट कमी पडला, तिच्यासाठी लामाची चरबी जाळा. आम्ही तीही जाळली. घरभर धूर झाला आणि दांडी होती तीही गेली.

मी एकदा साधं सुचवलं. कार्ड काढ, तेओदोसियाच्या फोनमध्ये घाल, निदान कळेल तरी खोट कशात आहे.

"धर्मबापाच्या हाताने बसलेलं कार्ड उपटू?" तो म्हणाला. "उद्या म्हणशील, लग्नाची अंगठी जरा दुसऱ्याच्या बोटात घालून बघू."

"बघायला हरकत नव्हती," मी म्हटलं.

त्यानंतर तो रोज दुपारी टेकडीवर जाऊन टॉवरच्या पायथ्याशी बसू लागला. फोन गुडघ्यावर, त्यावर उन्हाचा ताप नको म्हणून टोपी. अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा बसायचा. मी जेवण घेऊन वर जायची. आम्ही शेजारी बसून उकडलेले बटाटे खायचो आणि दोघंही त्या काळ्या काचेकडे बघायचो. मला त्याचा संताप यायचा आणि कीवही यायची, आणि दोन्हीतलं काय आधी बोलावं ते कळायचं नाही, म्हणून मी मीठ पुढे करायची.

सण आला. मेलेल्यांसाठी पावाची माणसं भाजली, थडग्यांवर फुलं वाहिली. फोन काही आला नाही. माझ्या मेलेल्या आईला जेवण वाढताना मी रडले. सगळ्यांना वाटलं आईसाठी रडते आहे, आणि आईने बहुधा समजून घेतलं असेल.

सण सरला आणि सभा भरली. सभेला वेन्सेस्लाओ आला होता. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "कंपाद्रे, माझं धर्मलेकरू कसं आहे? परवा मी फोन लावला तर लागला नाही."

सगळं गाव निकानोरकडे बघायला लागलं. मी मनात म्हटलं, आता बोल बाबा, एकदाच वाक. निकानोरने घसा साफ केला.

"लेकरू गुणाचं आहे. त्याला हवाच मिळत नाही."

मग सगळा दोष हवेत फिरायला लागला आणि बसायला जागा शोधू लागला. फोनवर बसू शकत नव्हता, फोनला धर्मबाप होता. टॉवरवर बसू शकत नव्हता, टॉवरचाही धर्मबाप तोच होता, आणि समोर बसून मिशी पिळत होता. राहिली ती शहरातली कंपनी. तिला आमच्या गावात धर्मबाप नव्हता, म्हणून दोष तिला जाऊन चिकटला. कंपनी आमचा अपमान करते आहे, असं एक जण म्हणाला. पिढ्यान् पिढ्या करते आहे, असं दुसरा म्हणाला. टॉवर उभा राहून दोन वर्षं झाली नव्हती. ठराव झाला, की कंपनी वाकेपर्यंत महामार्ग अडवायचा. ज्यांच्या फोनला रेंज येत होती त्यांनी फोन खिशात घातले आणि हात वर केले. जो रस्त्यावर येणार नाही त्याला दंड, हेही ठरलं. घरोघरच्या प्रत्येक माणसाला आपला प्रमुख आवडतो म्हणून सगळे आले, असं निकानोर आजही सांगतो.

महामार्गावर दगड आले, टायर आले, काटेरी झुडपं आली. दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा लागल्या. नियम असा होता, की गाडी सोडायची नाही, पण पायी जाणारी बाई आणि लेकरू सोडायचं. मग प्रवासी बसमधून उतरायचे, गाठोडी घेऊन दगड ओलांडायचे आणि पलीकडे दुसरी गाडी धरायचे. अलीकडे वेन्सेस्लाओच्या मिनिबस होत्या, पलीकडेही वेन्सेस्लाओच्याच. लढा लांबला पाहिजे, असं तो कळकळीने सांगत होता. कंपनीशी बोलणी चालली होती ती तेओदोसियाच्या फोनवरून. तो रस्त्यावर उभं राहूनही लागत होता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी दंडाच्या भीतीने कुणी बोललं नाही.

मी सामाईक चुलीवर किन्वाचं सूप ढवळत होते. सीमेकडून एक मोठी बस येऊन थांबली. लोक उतरले, शिव्या घालत दगडांकडे चालू लागले. त्यात एक बाई होती, पाठीला रंगीत कापडात मूल बांधलेलं. मुलाच्या डोक्यावर न कापलेल्या केसांचा गुंता वाऱ्यावर उडत होता. तिची चाल मी ओळखली. माझ्या हातातली पळी सुपात पडली आणि मी ती काढलीच नाही.

रोसेंदा सरळ बापासमोर येऊन उभी राहिली. बाबा म्हणाली नाही. रस्त्यावरच्या परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"जाऊ द्या. लेकराचं जावळ आहे, सासरी पोचायचंय."

"कुठे?" निकानोरने विचारलं.

"एल आल्तोला. आधी इथेच विचारलं होतं. इथे फोन उचलायला कुणाला सवड झाली नाही."

तेओदोसियाने नियमाप्रमाणे काटे बाजूला ओढले आणि वाट केली. रोसेंदाने पाठीवरचं कापड घट्ट केलं आणि पाऊल टाकलं.

"काटे परत लाव," निकानोर म्हणाला.

तेओदोसिया गोंधळली. "अरे पण बाई आणि लेकरू सोडायचं ठरलंय. तूच ठराव वाचलास."

"बाकी सगळ्यांना सोडा," निकानोर म्हणाला. "हिला सोडायचं नाही."

इतक्या वर्षांत मी त्याला कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्याने जोडले नाहीत. हातात चाबूक होता, छाती पुढे होती, आणि हनुवटी लहान पोराची असते तशी थरथरत होती. माझा नवरा विनवणी करतो ती अशी करतो. ती मला समजली, आणि रोसेंदालाही समजली असावी, कारण ती थांबली.

"फोन का नाही उचलला बाबा?"

त्याने पोंचोखालून फोन काढला. लोकरीच्या पिशवीत होता, वर शिंपणाच्या दिवशीची कागदी झालर अजून गुंडाळलेली. "वाजलाच नाही," तो म्हणाला. "एकदाही वाजला नाही, पोरी."

"रोज टेकडीवर घेऊन बसायचा," मी चुलीपासून ओरडले. "मी साक्षीला आहे. माझे पाय साक्षीला आहेत."

रोसेंदाने फोन हातात घेतला, उलटा केला, कडेला बोट फिरवलं. मग शालीची टाचणी काढून एका बारीक भोकात टोचली. त्या मोठ्या फोनने जिभेसारखा एक इवला खण बाहेर काढला. कार्ड उचललं तर खाली एक गुलाबी टिकली, बिअरने चिकटून बसलेली. रोसेंदाने ती नखाने सोडवली, तळहातावर ठेवली, खणावर फुंकर मारली आणि कार्ड परत बसवलं.

आम्ही तिघं वाट बघत राहिलो. मग फोन वाजायला लागला तो थांबेचना. सणाच्या आधीचे तिचे चुकलेले कॉल, सणाच्या दिवसाचे, सणानंतरचे, सगळे एकामागून एक टुणटुणत आले. सगळ्यात शेवटी सीमेवरून पाठवलेला निरोप आला. निकानोरला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी वाचला. *आई, आम्ही निघालो. बस गावावरून जाईल. थांबणार नाही, पण मी खिडकीतून गोठ्याची भिंत बघेन.*

मला पुढचं दिसेना. एक दगड जरी कमी ठेवला असता तर ती बस निघून गेली असती आणि मी सूप ढवळत राहिले असते. निकानोरने तिच्या पाठीवरच्या त्या केसांच्या गुंत्यात हात घातला आणि तिथेच ठेवला. लिम्बेरने आजोबांची मिशी धरून ओढली.

टुणटुण ऐकून लोक धावत आले. पुढे वेन्सेस्लाओ. "काय झालं, कंपाद्रे?"

रोसेंदाचा तळहात उघडाच होता. त्यावर ती गुलाबी टिकली. अख्ख्या महामार्गावर ट्रक उभे होते, कोबी सडत होता, आणि कारण ते एवढंसं होतं. रोसेंदाने तोंड उघडलं. निकानोरने चटकन टिकली उचलली, कोकाच्या पानांबरोबर गालात सारली आणि चावायला लागला.

"काही नाही, कंपाद्रे," तो म्हणाला. "लेकरू बोलायला लागलं."

एकच गदारोळ उठला. कंपनी घाबरली, कंपनी वाकली, रेंज सोडली. लोकांनी आपापले फोन काढले, आणि खरंच, सगळ्यांना रेंज होती. आधीही होती, पण लढून मिळाली नव्हती. फटाके उडाले, दगड बाजूला झाले. वेन्सेस्लाओचा चेहरा तेवढा पडला. कंपनीच्या माणसाला हे कुणी कळवलं नाही, त्यामुळे तो दुसऱ्या दिवशी आला आणि भीतीने आणखी एका टॉवरवर सही करून गेला. त्याचे धर्मआईबाप आम्हीच व्हायचं, असा गावाचा आग्रह आहे.

रस्ता मोकळा होताना गर्दीमागे एक माणूस गाठोड्यांआड तोंड लपवून उभा दिसला. हातात ट्रम्पेटची पेटी होती. निकानोर त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मिरवणूक अर्धी राहिलीय," तो वाल्दोला म्हणाला. "ती पुरी कर, मग कुठे जायचं तिकडे जा."

वाल्दोने महामार्गापासून आमच्या अंगणापर्यंत ट्रम्पेट वाजवलं. दम लागला तरी थांबला नाही. पुढे निकानोर नाचत होता, त्याचे गुडघे कुरकुरत होते ते मला ट्रम्पेटच्या वर ऐकू येत होतं.

जावळ रविवारी काढलं. पहिली बट धर्मबापाने कापायची, आणि धर्मबाप दुसरा कोण असणार? वेन्सेस्लाओ पोतंभर टिकल्या घेऊन आला. एल आल्तोची मंडळी मिनिबस भरून आली होती, ती मिनिबसही त्याचीच. मुलाला विणलेल्या कापडावर बसवलं, शेजारी कात्री, कोकाची पानं, आणि सासरी मागे राहिलेल्यांना सोहळा दाखवायला म्हणून निकानोरने तिथेच उभा करून ठेवलेला फोन. वेन्सेस्लाओने दोन्ही मुठी भरल्या आणि हात वर नेले.

निकानोरने डोक्यावरची टोपी काढून झटक्यात फोनवर उपडी घातली. रोसेंदाने ओठ चावून माझ्याकडे बघितलं.

"हे काय, कंपाद्रे?" वेन्सेस्लाओने विचारलं.

"लेकराला थंडी बाधते," निकानोर म्हणाला, आणि टोपीवर हात ठेवून बसून राहिला.